ऑफिसला जायचं ते कुणासाठी?

घरून काम करावं की ऑफिसात जाऊन, ह्या वादातले दोन्ही बाजूंचे मुद्दे आता सगळ्यांना तोंडपाठ आहेत. एक बाजू म्हणते, रोजच्या प्रवासात आयुष्य जातं, घरी डोकं शांत असतं, काम वेळेत झाल्याशी मतलब ठेवा. दुसरी म्हणते, माणसं समोरासमोर आल्याशिवाय टीम बनत नाही, आणि घरी बसलेले लोक खरंच काम करतात कशावरून? मग कुणीतरी मधला आकडा काढतं. तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घर. दोन्ही बाजू थोडी कुरकुर करून गप्प होतात आणि धोरण ठरल्याचा एचआरचा मेल येतो. तीनच का, कोणते तीन, आणि त्या तीन दिवसांत ऑफिसात येऊन करायचं काय, ह्याबद्दल त्या मेलमध्ये सहसा अवाक्षर नसतं.

आकड्यावरून भांडताना एक साधा प्रश्न मागे राहिला असं मला वाटतं. ऑफिसला गेल्याचा फायदा नेमका कुणाला होतो? बहुतेक वेळा तो जाणाऱ्याला होत नाही, शेजारी बसलेल्या दुसऱ्या कुणाला तरी होतो. घरी राहिल्याचा तोटाही घरी राहणाऱ्याच्या वाट्याला क्वचित येतो. तो भलताच कुणीतरी भोगतो, आणि बऱ्याचदा आपण काही गमावतो आहोत हे त्याला कळतही नाही. हे एकदा दिसलं की ‘ज्याला जे सोयीचं ते करू द्या’ हे म्हणणं अपुरं वाटायला लागतं, आणि ‘सगळ्यांनी पाचही दिवस हजर राहा’ हा हुकूमही तितकाच आंधळा वाटतो.

आधी पुराव्यांकडे पाहू, कारण ह्या विषयावर ठणकावून बोलणारे पुष्कळ आहेत आणि मोजून पाहणारे कमी. घरून कामाची कल्पना कोविडच्या साथीच्या काळात जन्मली असं अनेकांना वाटतं, पण अमेरिकेत जॅक नाइल्स ह्यांनी 1973 मध्येच ती मांडली होती. गर्दी आणि इंधन वाचवायचं तर माणसाला कामाकडे नेण्यापेक्षा काम माणसाकडे नेणं स्वस्त पडेल, असा त्यांचा हिशोब होता. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षं बहुतेक मॅनेजर मंडळींनी तिला फॅशन किंवा मेहेरबानी समजून बाजूला ठेवलं.

नीट प्रयोग करून आकडे हाती आले ते चीनमधल्या सीट्रिप ह्या प्रवास कंपनीत. स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कॉल सेंटरमध्ये 2010-11 च्या सुमारास नऊ महिने हा प्रयोग केला. इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी ज्यांची जन्मतारीख सम, त्यांनी आठवड्याचे चार दिवस घरून काम केलं. विषम तारखेचे ऑफिसातच राहिले. घरच्या गटाचं काम 13 टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. घरून कामाच्या बाजूने बोलणारा प्रत्येक जण हा 13 टक्क्यांचा आकडा आजही खिशात घेऊन फिरतो.

त्याच प्रयोगातल्या इतर गोष्टी मात्र सोयीस्करपणे गळतात. वाढीतला मोठा वाटा कामाच्या जास्त मिनिटांचा होता. मधल्या सुट्ट्या कमी झाल्या, आजारपणाच्या रजा कमी झाल्या, उशिरा येणं संपलं. शांतता मिळाल्याने दर मिनिटाला जास्त कॉल घेता आले, हे खरं, पण तो वाटा लहान होता. दुसरं म्हणजे कामगिरी तितकीच चांगली असूनही घरून काम करणाऱ्यांना बढती कमी मिळाली. आणि प्रयोग संपल्यावर हवं ते निवडायची मुभा दिली तेव्हा घरच्या गटातले निम्मे लोक ऑफिसात परतले. एकटेपणा हे त्याचं मोठं कारण होतं. शिवाय ते काम कोणतं होतं हेही पाहायला हवं. कॉल घ्यायचा, तिकीट काढून द्यायचं, पुढचा कॉल घ्यायचा. ह्या कामात शेजारच्याची गरज जवळजवळ पडत नाही आणि किती झालं ते संध्याकाळी मोजता येतं. तो आकडा उचलून वकिलाच्या, संपादकाच्या किंवा इंजिनिअरच्या कामाला चिकटवणं बरोबर नाही.

अशा गुंतागुंतीच्या कामाचा हिशोब वेगळा निघाला. आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीच्या दहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांची माहिती मायकेल गिब्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. 2020 मध्ये सगळे घरी गेल्यावर कामाचे तास वाढले, हातून झालेलं काम किंचित घटलं, आणि तासामागची उत्पादकता 8 ते 19 टक्क्यांनी खाली आली. वेळ गेला कुठे? एकमेकांशी मेळ घालण्यात आणि मीटिंगांमध्ये. सलग बसून करायच्या कामाचे तास आक्रसले. ज्यांच्या घरी मुलं होती त्यांची घसरण जास्त होती. तो काळ साथीचा होता, शाळा बंद होत्या, हे लक्षात घेऊनच तो आकडा वाचायला हवा. तरी एक गोष्ट उरतेच. ऑफिसात मान वर करून अर्ध्या मिनिटात जे विचारता येतं, त्यासाठी घरून अर्ध्या तासाची मीटिंग लावावी लागते. आणि त्या अर्ध्या तासातली पहिली पाच मिनिटं ‘माझा आवाज येतोय का’ ह्यात जातात, हे काही संशोधकांनी सांगायला नको.

मग अधूनमधून घरून काम करण्याचं काय? त्याचाही चांगला प्रयोग झाला, त्याच सीट्रिप कंपनीत. तोवर तिचं नाव ट्रिप डॉट कॉम झालं होतं. ह्या वेळी कॉल सेंटर नव्हतं. इंजिनिअर, मार्केटिंग, हिशोब अशा विभागांतले 1,612 लोक होते. पुन्हा जन्मतारखेवरूनच दोन गट पाडले. एक गट पाचही दिवस ऑफिसात, दुसरा बुधवारी आणि शुक्रवारी घरी. 2024 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात निष्कर्ष आले. पुढच्या दोन वर्षांच्या अप्रेझलमध्ये आणि बढत्यांमध्ये दोन गटांत फरक दिसला नाही. हायब्रिड, म्हणजे थोडे दिवस घरी आणि थोडे ऑफिसात असलेल्या गटातून नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने कमी झाले, विशेषतः स्त्रिया, मॅनेजर नसलेले आणि ज्यांचा प्रवास लांबचा होता ते. गंमत मॅनेजरांची आहे. प्रयोगाआधी त्यांना वाटत होतं की ह्याने उत्पादकता अडीच टक्क्यांच्या आसपास घटेल. प्रयोगानंतर तेच मॅनेजर ती एक टक्क्याने वाढते असं सांगू लागले.

ह्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा तपशील दोन गटांच्या तुलनेत नाहीच. घरचे दिवस ठरलेले होते. बुधवार आणि शुक्रवार. म्हणजे सोमवारी, मंगळवारी आणि गुरुवारी सगळे एकत्र होते. कुणाला कुणाची वाट पाहावी लागत नव्हती. आपल्याकडे येणाऱ्या मेलमधलं ‘कोणतेही तीन दिवस’ आणि हे ठरलेले तीन दिवस, ह्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पाच जणांच्या टीममध्ये प्रत्येकाने आपापल्या सोयीचे तीन दिवस निवडले तर पाचही जण एकाच दिवशी ऑफिसात असतील ह्याची काहीच खात्री नाही. प्रवास सगळ्यांनी केला, पण सगळे एकत्र कधीच नाहीत.

आता फायदा कुणाला ह्या प्रश्नाकडे. नॅटली इमॅन्युएल, एमा हॅरिंग्टन आणि अमांडा पॅलेस ह्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी एका बड्या कंपनीतल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरांचा अभ्यास केला. काही टीम पूर्णपणे एका इमारतीत बसायच्या, काही टीममधली माणसं दोन इमारतींत विभागलेली होती. एकत्र बसणाऱ्या टीममध्ये एकमेकांच्या कोडवर जास्त सूचना, जास्त दुरुस्त्या दिल्या जायच्या. साथ आली, सगळे घरी गेले, आणि हा फरक मिटत गेला. जवळ बसण्याचा सर्वाधिक लाभ तरुण, नवख्या इंजिनिअरांना मिळत होता, त्यातही तरुण स्त्रियांना. आणि त्याची किंमत कोण देत होतं? अनुभवी इंजिनिअर. जवळ बसल्यामुळे त्यांचं स्वतःचं काम कमी व्हायचं, कारण त्यांचा वेळ दुसऱ्याचं काम तपासण्यात जायचा.

सगळा पेच इथे आहे. पंधरा वर्षं मुरलेला माणूस म्हणतो, ‘माझं काम घरून जास्त चांगलं होतं’, तेव्हा तो थाप मारत नसतो. त्याचं खरंच चांगलं होतं. कुणी खांद्यावर टकटक करत नाही, कुणी ‘दोन मिनिटं आहेत का’ म्हणत खुर्ची ओढत नाही. त्याची कामगिरी त्याच्यापुरती मोजली तर त्याने घरीच बसावं हे उत्तर येतं. पण जी टकटक थांबली ती कुणाची तरी होती. ती थांबल्याचा तोटा ह्या तिमाहीच्या अहवालात दिसणार नाही, पुढच्या तिमाहीतही नाही. चार-पाच वर्षांनी नवख्यांची ती तुकडी जबाबदारीच्या जागी येईल तेव्हा तो दिसेल, आणि तेव्हा ‘हल्लीच्या मुलांना काही येत नाही’ असं म्हणून आपण मोकळे होऊ.

नवखा माणूस शिकतो कसा, हे जरा बारकाईने पाहिलं पाहिजे, कारण ‘ऑनलाइन प्रशिक्षण आहे ना’ हे उत्तर फार सहज दिलं जातं. प्रशिक्षणातून नियम कळतात. नियम कुठे वाकवायचा ते कळत नाही. शेजारच्या टेबलावरचा ज्येष्ठ माणूस चिडलेल्या ग्राहकाशी फोनवर बोलत असतो. पहिली तीन वाक्यं तो नुसता ऐकून घेतो, मग आवाज खाली आणतो, चूक कबूल करतो पण नुकसानभरपाईचा शब्द देत नाही. फोन ठेवल्यावर शेजाऱ्याकडे पाहून एक सुस्कारा सोडतो आणि म्हणतो, ‘हा माणूस पैशांसाठी भांडत नव्हता, त्याला कुणी विचारलं नाही म्हणून चिडला होता.’ हा धडा कुठल्याच अभ्यासक्रमात नसतो. तो नवख्याला कुणी शिकवलेलाही नसतो. तो कानावर पडलेला असतो. घरून काम करताना तोच फोन त्या ज्येष्ठ माणसाने आपल्या खोलीत, दार लावून केला. काम तितकंच चोख झालं. फक्त ऐकणारं कुणी नव्हतं.

दुसरी अडचण प्रश्न विचारण्याची. काय विचारावं हे कळायलाही थोडं ज्ञान लागतं, आणि नवख्याकडे तेच नसतं. समोर बसलेला असला तर त्याच्या कपाळावरच्या आठ्या दिसतात. कुणीतरी विचारतं, ‘कुठे अडलंय?’ चॅटवर आठ्या दिसत नाहीत. तिथे प्रश्न लिहावा लागतो, आणि लिहिलेला प्रश्न कायम राहतो, चार जण वाचतात. इतकं साधं विचारलं तर काय म्हणतील, ह्या भीतीने तो लिहून खोडतो, पुन्हा लिहितो, शेवटी स्वतःच काहीतरी खटपट करतो. दिवस जातो. संध्याकाळी टीमच्या आढाव्याच्या छोट्या कॉलमध्ये ‘काम चालू आहे’ एवढंच सांगतो. जी गोष्ट ऑफिसात दोन मिनिटांत सुटली असती, तिच्यात त्याने आपला आत्मविश्वास थोडा थोडा घालवलेला असतो.

बरं, नवखा म्हणेल की मला घरीच बरं वाटतं. त्याला तसं वाटणं स्वाभाविक आहे, पण निवड करणाऱ्याला आपण काय गमावतो आहोत हे माहीत असेलच असं नाही. चेन्नईत डेटा एंट्रीच्या कामावर डेव्हिड ॲटकिन, अँटोनेट शोअर आणि सुमित शिंदे ह्यांनी केलेला एक प्रयोग इथे बोलका आहे. कुणी घरून काम करायचं आणि कुणी ऑफिसातून हे सोडत काढून ठरवलं, आणि घरून केलेलं काम 18 टक्क्यांनी कमी भरलं. फरकाचा मोठा भाग पहिल्या दिवसापासूनचा होता, उरलेला ऑफिसातले लोक भरभर शिकत गेल्यामुळे वाढला. आणि ज्यांना घरून काम हवं होतं, त्यांचंच घरी जास्त अडलं. ह्यात त्यांचा आळस पाहण्याचं कारण नाही. घरची जबाबदारी अंगावर असते म्हणूनच माणूस घरून काम मागतो, आणि तीच जबाबदारी घरी त्याला सलग बसू देत नाही. स्वतंत्र खोली, दार, चांगली खुर्ची हे बहुधा मुरलेल्या, बऱ्या पगाराच्या माणसाकडे असतं. नवखा चार जणांत एक खोली वाटून राहतो आणि पलंगाच्या कडेवर लॅपटॉप घेऊन बसतो. ‘घरून काम’ हे दोन शब्द दोघांसाठी एकच असले तरी घर एकच नसतं.

इतकं वाचून ऑफिसचे कट्टर पुरस्कर्ते खूश झाले असतील, तर त्यांनाही थोडं ऐकावं लागेल. कारण माणसांना बोलावून घेऊन वर सांगितलेल्यातलं काहीही घडू न देण्यात बरीच ऑफिसं तरबेज आहेत. दीड तास प्रवास करून माणूस पोहोचतो, कानात हेडफोन घालतो आणि दुसऱ्या शहरातल्या सहकाऱ्यांशी सात तास व्हिडिओ कॉलवर बोलतो. शेजारी बसलेलाही तेच करत असतो. जागा ठरलेली नसते; ॲपवरून रोज नवं टेबल बुक करायचं. टीममधला एक तिसऱ्या मजल्यावर, दुसरा पाचव्यावर. एमआयटीचे थॉमस ॲलन ह्यांनी 1970 च्या दशकातच दाखवून दिलं होतं की दोन इंजिनिअरांच्या टेबलांतलं अंतर वाढलं की त्यांचं बोलणं झपाट्याने कमी होतं, आणि पन्नासेक मीटरच्या पुढे ते जवळजवळ नसल्यात जमा होतं. म्हणजे वेगळ्या मजल्यावर बसवायचं असेल तर बोलावून फारसं साधत नाही. कार्ड पंच झालं एवढंच समाधान.

आणि बऱ्याच ठिकाणी तेच समाधान हवं असतं, अशी मला दाट शंका आहे. मायक्रोसॉफ्टच्या 2022 च्या एका मोठ्या सर्वेक्षणात 87 टक्के कर्मचारी म्हणाले की आमचं काम व्यवस्थित होतंय. आपले लोक खरंच काम करताहेत असा पुरता भरवसा मात्र 12 टक्केच वरिष्ठांना होता. ह्या दरीतून हजेरीची सक्ती जन्माला येते. काम मोजता येत नाही, मग माणसं मोजायची. त्यावर लोकांनी उत्तरंही शोधली आहेतच. सकाळी कार्ड पंच करायचं, दोघांना तोंड दाखवायचं, कॉफी प्यायची आणि दुपारी घर गाठायचं. घरून काम करणाऱ्यावर माउसच्या हालचालीवरून पाळत ठेवणारी सॉफ्टवेअर निघाली, तर माउस आपोआप हलवत ठेवणारी उपकरणंही लगोलग बाजारात आली. दोन्हीकडच्या ह्या हुशारीतून कुणाचंच काम पुढे सरकलं नाही.

याहूने 2013 मध्ये घरून काम बंद केलं, ॲमेझॉनने जानेवारी 2025 पासून पाचही दिवस ऑफिस सक्तीचं केलं. असे हुकूम काढणाऱ्यांचा ‘एकत्र आल्याने नव्या कल्पना सुचतात’ हा युक्तिवाद निराधार नाही. मेलनी ब्रक्स आणि जोनाथन लेवाव ह्यांनी पाच देशांतल्या इंजिनिअरांच्या जोड्यांवर केलेला अभ्यास 2022 मध्ये आला. समोरासमोर बसलेल्या जोड्यांना व्हिडिओवरच्या जोड्यांपेक्षा जास्त कल्पना सुचल्या. मात्र सुचलेल्यांपैकी चांगली कल्पना निवडण्यात व्हिडिओवरच्या जोड्या मागे नव्हत्या. म्हणजे एकाच मीटिंगमधलं अर्धं काम ऑफिसचं आणि अर्धं कुठूनही होणारं. पाच दिवसांचा सरसकट हुकूम हा फरक करत नाही. तो फक्त खुर्च्या भरतो. अहवाल लिहिणं, हिशोब जुळवणं, कोडमधली किचकट चूक शोधणं ह्यांसाठी माणसाला एकांत लागतो, आणि उघड्या हॉलमधल्या ऑफिसात एकांत ही सगळ्यात दुर्मीळ वस्तू आहे.

माझ्या दृष्टीने म्हणूनच दिवसांचा निर्णय एकेका माणसाने घ्यायचा नाही आणि कंपनीच्या शिखरावरच्यानेही घ्यायचा नाही. तो टीमने घ्यावा, आणि घेताना कोणतं काम एकत्र बसूनच होतं ह्यापासून सुरुवात करावी. एखाद्या टीमचं ते काम आठवड्यात दोन दिवसांत मावेल, एखाद्याचं महिन्यातल्या चार दिवसांत. पण जे दिवस ठरतील ते सगळ्यांचे असावेत, आणि त्या दिवशी टीम एका मजल्यावर, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर बसलेली असावी. त्या दिवशी बाहेरचे व्हिडिओ कॉल शक्यतो नकोत. नवख्यांचं काम समोर बसून तपासायचं, अर्धवट कल्पना मांडायच्या, चॅटवर साचलेले गैरसमज तोंडावर बोलून मिटवायचे. ते दिवस गजबजाटाचेच असणार, त्या दिवशी ‘माझं काम झालं नाही’ ही तक्रार ऐकून घेऊ नये. त्या दिवसाचं कामच ते होतं. उरलेले दिवस घरचे, आणि ते खरोखर शांत हवेत. घरी असलेल्या माणसाच्या दिवसात नऊ मीटिंगा भरल्या तर त्याला ऑफिसात न आणून कुणी काय मिळवलं?

ज्यांची टीमच चार देशांत पसरली आहे त्यांना हे लागू होत नाही. त्यांनी पूर्णपणे दूरस्थ राहावं आणि तसं राहायचं शास्त्र मनापासून शिकावं. गिटलॅबसारख्या सॉफ्टवेअर कंपन्या सुरुवातीपासून तशा चालतात. तिथे कामाच्या रीती आणि निर्णय लिहून ठेवले जातात आणि त्यांची हँडबुक कुणालाही वाचता येते. नवख्याला जे कानावर पडून मिळायचं ते तिथे लिहिलेलं मिळतं, निदान बरंचसं. ह्याला प्रचंड शिस्त लागते. ती शिस्त नाही आणि भेटही नाही, अशा अधांतरी अवस्थेत मात्र बऱ्याच कंपन्या चालल्या आहेत.

दिवस सगळ्यांचे सारखे असावेत ह्या आग्रहामागे आणखी एक कारण आहे. घरून काम ही ज्याने-त्याने मागायची सवलत असेल तर ती कोण मागतं? लहान मुलांच्या आया, घरात आजारी माणूस असलेले. सीट्रिपमध्ये घरून काम करणाऱ्यांच्या बढत्या घटल्या, त्या कामगिरी कमी पडली म्हणून नव्हे, बहुधा डोळ्यांसमोर नव्हते म्हणून. सवलत घेणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असल्या आणि न घेणारे बहुतांशी पुरुष, तर पाच वर्षांनी वरच्या खुर्च्यांवर कोण दिसेल हे सांगायला ज्योतिषी नको. घरचा दिवस साहेबांपासून शिकाऊपर्यंत सगळ्यांचाच असला की गैरहजेरी ही कुणाची ओळख बनत नाही. ज्यांना आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे घरूनच काम करणं भाग आहे त्यांचा अपवाद अर्थात राहील. त्यांच्यासाठी हे सोयीचं प्रकरण नाहीच, नोकरी टिकण्याचं आहे.

वाचलेल्या वेळाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. 27 देशांतल्या पाहणीत असं दिसलं की घरून काम केल्याने दिवसाला सरासरी 72 मिनिटांचा प्रवास वाचतो, आणि त्यातली सुमारे 40 टक्के मिनिटं माणसं पुन्हा कामालाच देतात. घरच्यांची देखभाल करायला 11 टक्के जातात. म्हणजे घरून काम ही कंपनीने केलेली मेहेरबानी म्हणायची तर कंपनीला त्याचा घसघशीत मोबदला आधीच मिळतो आहे. रात्री दहाला आलेल्या मेसेजला उत्तर देणं हाही त्याच मोबदल्याचा भाग होऊन बसला आहे. फ्रान्सने 2017 पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला, पोर्तुगालने 2021 मध्ये वेळेबाहेर कर्मचाऱ्याला गाठण्यावर मालकांना बंधन घातलं, ऑस्ट्रेलियात 2024 मध्ये असा हक्क आला. कायद्याने सगळं सुटत नाही, पण ‘नाही’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी काहीतरी उभं राहतं.

एवढ्या चर्चेत एक भान सुटू नये. अमेरिकेतल्या नोकऱ्यांपैकी सुमारे 37 टक्केच पूर्णपणे घरून करता येण्याजोग्या आहेत, असा डिंगेल आणि नीमन ह्या अर्थशास्त्रज्ञांचा 2020 चा अंदाज होता. गरीब देशांत हे प्रमाण आणखी कमी. परिचारिका, ड्रायव्हर, सफाई कामगार, यंत्रावर उभा राहणारा ह्यांना हा वाद कधी घालताच आला नाही. दोन दिवस प्रवास करावा लागतो म्हणून छळ झाल्याची भाषा करणाऱ्यांनी आवाज जरा बेताचा ठेवायला हरकत नाही.

माझ्या म्हणण्यावर सगळ्यात वजनदार आक्षेप ज्येष्ठांचाच असेल. ‘मला नवख्यांना शिकवण्याचे पैसे मिळत नाहीत. माझं अप्रेझल माझ्या कामावर होतं. मग त्यांच्यासाठी मी दीड तास का झिजवू?’ आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर ज्येष्ठांना कर्तव्याचे डोस पाजून मिळणार नाही. कंपनीला ते काम खरंच हवं असेल तर तिने ते मोजावं. कुणाच्या हाताखालून किती जण तयार होऊन बाहेर पडले, कुणाकडे लोक अडल्यावर जातात, हे कोणत्याही टीममध्ये सगळ्यांना ठाऊक असतं. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये तेवढी त्याला जागा नसते. ती जागा करा, पगारवाढीत तिला वजन द्या, आणि मग ज्येष्ठांना बोलवा.

तरीही प्रत्यक्षात काय होईल ह्याचा अंदाज येतो. एकत्र बसण्याचे दिवस ठरले की सूट मागायला पहिले वरिष्ठच उभे राहतील. त्यांचं काम महत्त्वाचं, त्यांचे कॉल परदेशी वेळेचे, त्यांचं घर लांब. सूट मिळेलही, कारण सूट देणारेही त्यांच्याच पंक्तीतले. आणि ऑफिसात यायची सक्ती उरेल ती फक्त नवख्यांवर, ज्यांना नाही म्हणता येत नाही त्यांच्यावर. वरिष्ठ घरून उंटावरून शेळ्या हाकणार आणि नवखे रिकाम्या मजल्यावर एकमेकांकडे बघत बसणार, अशी व्यवस्था काही ठिकाणी आजच दिसते. तसंच करायचं असेल तर निदान त्या पोरांनाही घरी राहू द्यावं. त्यांचं शिकणं असंही होणार नाही. प्रवास तरी वाचेल.